डाव्या गालाचे नाणे

टांकसाळीत दर जानेवारीला तीन नवे अधिकारी यायचे आणि दर जानेवारीला त्यांच्यातला एक तरी ठसा हातात घेऊन म्हणायचा, "अक्षरं उलटी कोरलीत तुम्ही." मग भट्टीपासून ऐरणीपर्यंत सगळे माना खाली घालून कामात बुडून गेल्याचे दाखवायचे. मोठ्या घरच्या पोरांना तोंडावर हसायची सोय नव्हती.

या वर्षी ते वाक्य काइसो वेकिलियसच्या तोंडून आले. ठसे कोरणाऱ्या मेनोफिलसने ठसा ओल्या मातीत दाबला आणि माती त्याच्यापुढे धरली. लोखंडातली उलटी अक्षरे मातीत सुलटी झाली होती. काइसोचे कान लाल झाले.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तुमची परीक्षा घेत होतो."

"होय, धनी," मेनो म्हणाला.

काइसो इतरांसाठी वर्षभराचा अधिकारी होता. मेनोसाठी तो खरोखरचा धनी होता, कारण मेनो वेकिलियस घराण्याचा गुलाम. चाळीस वर्षांपूर्वी काइसोच्या आजोबांनी, थोरल्या वेकिलियसांनी, अंगणातल्या फरशीवर कोळशाने घोडे काढणाऱ्या एका ग्रीक पोराचा कान पकडला होता आणि कान न सोडता त्याला टेकडी चढवून मोनेटा देवीच्या देवळाशेजारच्या या टांकसाळीत आणले होते. तेव्हापासून मेनो ठसे कोरत आला. नाण्याच्या एका बाजूला शिरस्त्राण घातलेली नगरदेवी रोमा, दुसऱ्या बाजूला भाले रोखून दौडणारे जुळे घोडेस्वार. अधिकारी बदलत, मागच्या बाजूचे नाव बदले. देवी तीच आणि घोडे तेच.

थोरले वेकिलियस कधीमधी टांकसाळीत डोकावत. त्यांच्या डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक वण होता. हसले की तो वण आधी हसायचा आणि ते मागून. "देवी काय, कुणीही कोरेल," ते म्हणत. "तिला कुणी पाहिलंय? ज्या दिवशी माणसाचं तोंड कोरशील आणि लोक त्याला ओळखतील, त्या दिवशी तुझ्या सुटकेचं बघू."

बघायच्या आधीच म्हातारा गेला. त्याला आता सात वर्षे झाली होती.

आणि या जानेवारीत काइसो मेनोच्या बाकापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता आणि थंडीने नाक वाहत होते.

"माझ्या नाण्यावर आजोबा हवेत," तो म्हणाला. "देवी नको. आजोबांचं तोंड, वणासकट. वण दिसलाच पाहिजे. दोन वर्षांनी मी निवडणुकीला उभा राहणार, तेव्हा सैन्यातल्या माणसांच्या हातात हे नाणं असलं पाहिजे. जमेल?"

"जमेल."

"चांगलं उतरलं तर डिसेंबरात तुला मोकळा करतो. देवळाच्या शेजारी उभा राहून सांगतोय."

मेनोच्या हातातली कोरणी बाकाखाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

---

दुसऱ्या दिवशी तो वेकिलियसांच्या घरी गेला. दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटात घराण्यातल्या मेलेल्या पुरुषांचे मेणाचे मुखवटे होते. नोकराने थोरल्यांचा मुखवटा काढून दिला. मेण पिवळे पडले होते, पण वण जागच्या जागी होता. डावा गाल. मेनोने मेणाच्या पाटीवर डावीकडून एक चित्र काढले आणि ते घेऊन काइसोपुढे गेला.

काइसोने पाटी पाहिली. "हे डावीकडे बघतायत."

"वण डाव्या गालावर आहे, धनी. तो दिसायचा तर तोंड डावीकडेच वळवायला हवं."

"नाण्यावरची तोंडं उजवीकडे बघतात. सगळी. तू स्वतः आजवर कधी डावीकडे बघणारं कोरलंयस?"

"नाही."

"मग? माझ्या आजोबांनी एकट्यानंच पाठ फिरवायची? माझ्याविरुद्ध उभे राहणारे काय म्हणतील याचा विचार केलास?" काइसोने पाटी परत दिली. "तोंड उजवीकडे. आणि जो गाल दिसेल त्यावर वण."

"तो उजवा गाल होईल."

"होऊ दे. कोण लक्षात ठेवतंय कुठला गाल होता ते?"

मेनोने पाटी पुसली. उजवीकडे बघणारे तोंड काढले, उजव्या गालावर वण ओढला. चित्र वाईट नव्हते. पण त्या चेहऱ्याकडे बघताना त्याला कुणीतरी भलताच माणूस धन्याचे कपडे घालून बसल्यासारखे वाटत राहिले.

पाटी काखेत घेऊन तो टांकसाळीकडे आला तेव्हा दारात तुर्पिओ बसला होता. तुर्पिओ टांकसाळीचा दारवान, जुना सैनिक, डाव्या हाताची दोन बोटे हिस्पानियातल्या लढाईत ठेवून आलेला. मडक्यातले आंबट पाणी तो घोट घोट पीत होता.

"काय रे ग्रीका, काखेत काय? नवी देवी?"

"माणूस आहे."

"बघू." तुर्पिओने पाटी उन्हाकडे धरली आणि खो खो हसला. "हा कोण पळपुटा?"

"पळपुटा का?"

"अरे, तू कधी मारामारी केलीयस का? ऊठ. असा उभा राहा माझ्यासमोर." तुर्पिओने मडके खाली ठेवले आणि काठी तलवारीसारखी उजव्या हातात घेतली. "मी तुझ्या तोंडावर वार करतो. कुठं बसतो?" काठीचे टोक हळूच मेनोच्या डाव्या गालाला टेकले. "समोरून आलेला वार डाव्या गालावर. शेंबडं पोरही सांगेल. उजव्या गालावर बसायला लेका तोंड फिरवावं लागतं. म्हणजे हा तुझा माणूस पळत होता आणि पळता पळता मागे वळून बघत होता, अजून येतायत का म्हणून." तो पुन्हा हसला. "छावणीत असला कुणी असता ना, तर जन्मभर त्याला आम्ही 'उजवा' म्हणून हाक मारली असती."

मेनो हसला नाही. त्याने पाटी परत घेतली आणि चित्रावर अंगठा फिरवून टाकला. तुर्पिओने तो माणूस ओळखलाच नव्हता. आणि तुर्पिओ तर थोरल्या वेकिलियसांच्या हाताखाली लढलेला होता.

त्या दुपारी तो पुन्हा काइसोकडे गेला. धन्याकडे एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा जाण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती. दारवानाचे नाव न घेता त्याने समोरून आलेल्या वाराचे सांगितले.

"मेनो," काइसो म्हणाला, "सैनिक नाण्यात एकच गोष्ट बघतो, चांदी खरी आहे का. वणाचा हिशेब कोण करत बसतंय? मला शिकवू नकोस. उजवीकडे. पुन्हा हा विषय काढलास तर देवी कोरत बसशील मरेपर्यंत."

---

टेकडीच्या उतारावर, पायऱ्या संपतात तिथे ख्रेस्टे उकडलेले हरभरे विकायची. तीही एकेकाळी गुलाम होती, पण तिच्या मालकिणीने मरताना तिला मोकळे केले होते. मेनो मोकळा झाला असता तर दोघांचे लग्न लग्न म्हणून मानले गेले असते. एरवी ते नुसते एका चुलीपाशी बसणे होते, तेही टांकसाळीचा मुकादम जाऊ देईल त्या दिवशी.

तिने सगळे ऐकून घेतले. हरभऱ्यांवर जिरे भुरभुरले, वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"कोर ना उजवीकडे," ती म्हणाली. "तुझं काय जातं? तोंड त्यांच्या आजोबाचं. हसू होईल ते त्यांचं."

"हसू झालं की चूक कुणाची ठरेल?"

"तुझी," ती म्हणाली. हे कबूल करायला तिला वेळ लागला नाही. "पण ते पुढच्या वर्षी. तोवर तू मोकळा झालेला असशील."

"ख्रेस्टे, चाळीस वर्षांत मला एक माणूस कोरायला मिळालाय. आणि त्याच्या तोंडावर पळपुट्याचा वण काढायचा. ज्यानं मला फरशीवरून उचललं त्याच्या."

"कान धरून उचललं."

"कान धरून का होईना."

तिने पातेल्यातले हरभरे ढवळले. मग म्हणाली, "डावीकडे कोरलंस तर तो ठसा फोडेल. तुला भट्टीच्या कामावर टाकेल. डिसेंबर विसर मग."

"होय."

"आणि तरी तू तेच करणार. ऐकायला आलाच नाहीस तू. हरभरे खायला आलायस." तिने वाडग्यात आणखी एक पळी ओतली. "खा मग. भट्टीवर एवढं पण मिळत नाही म्हणतात."

---

मेनोने ठरवले. ठरवल्यावर त्याला वाटले होते, पुढचे सोपे आहे. तसे नव्हते.

उजवीकडे बघणाऱ्या देवीसाठी लोखंडात नाक डावीकडे कोरावे लागते. चाळीस वर्षे त्याचा हात तेच नाक, तोच उतार कोरत आला होता. आता नाक उजवीकडे हवे होते. पहिल्या ठशात त्याचा हात कपाळापर्यंत नीट गेला आणि नाकाशी येताच जुन्या वळणावर घसरला. थोरल्या वेकिलियसांना देवीचे नाक आले. त्याने ठसा बाजूला फेकला.

दुसऱ्या ठशात नाक जमले, पण गाल जमेना. उजेड डावीकडच्या खिडकीतून यायचा आणि खोलगट जागा त्याला फुगीर दिसायची. वण म्हणून त्याने चर कोरली होती. मातीत दाबून पाहिले तर गालावर दोरी चिकटवल्यासारखी उठून आली. चूक लक्षात आल्यावर तो स्वतःवरच चिडला. नाण्यावर वण खोल दिसायचा तर लोखंडात तो उंच राहायला हवा. आजूबाजूचा गाल खोदायचा आणि वण तेवढा ठेवायचा. हे तो शिकाऊ पोरांना सांगत आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाक ओढत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेला, म्हणजे उजेड उजवीकडून येईल.

"काय रे, घर बदलतोयस?" हातोडेवाल्याने विचारले.

"पाठ दुखते," मेनो म्हणाला.

वणाला सहा दिवस लागले. गाल केसाएवढा केसाएवढा खाली न्यायचा, मध्ये धार शाबूत राखायची, आणि ओठाच्या कोपऱ्यापाशी ती धार किंचित वर वळवायची. कारण म्हातारा हसण्याच्या बेतात असे तेव्हा वण तिथे वळायचा. बोटांना भेगा पडल्या. त्यात तेल आणि लोखंडाचा कीस भरला. ख्रेस्टेने एकदा त्या हातांकडे पाहिले आणि कोमट पाणी आणून ठेवले. शेवटी हनुवटीखाली त्याने नाण्याच्या किमतीची, दहाची खूण कोरली, नुसती एक फुली. अक्षरे मागच्या ठशावर होती. या ठशावर तोंड आणि फुली, दोनच गोष्टी.

काइसो ठसा पाहायला आला तो दिवस बोचऱ्या वाऱ्याचा होता. त्याने अंगावरचे कापड कानावर ओढून घेतले होते आणि तो सारखा दाराकडे बघत होता. मेनोने ठसा फडक्याने पुसून बाकावर ठेवला आणि मातीचा गोळा पुढे ओढला.

"दाबून दाखवतो, धनी."

"चिखल कशाला? मूळ ठसाच दे." काइसोने तो हातात घेतला, खिडकीकडे वळवला. लोखंडातले तोंड उजवीकडे बघत होते. काइसो हसला. "हे बघ. ऐकलंस तर किती चांगलं होतं."

मेनोचा हात मातीच्या गोळ्यावरच होता. अक्षरे उलटी असतात हे काइसो पहिल्याच दिवशी शिकला होता. तोंडही उलटे असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि फुली तर दोन्हीकडून सारखीच. एक वाक्य बोलायचे होते. मेनोने ते मनात जुळवलेही. मग त्याला वाटले, दोनदा बोललो. माती पुढे धरली, ती नको म्हणाले. आता जे बोलायचे ते नाणे बोलेल.

"मंजुरीची मुद्रा लावा, धनी," तो म्हणाला.

काइसोने ठशाला बांधलेल्या दोरीवरच्या मेणात अंगठी दाबली आणि निघून गेला. मेनोने ठसा मेणासकट फडक्यात गुंडाळला. त्याला भीती वाटत होती, पण ठशात बदल करावा असे एकदाही वाटले नाही.

---

पहिले नाणे पाडायच्या दिवशी ठसा ऐरणीत बसवला. तापलेली चांदीची चकती चिमट्याने त्यावर ठेवली, वर मागच्या बाजूचा ठसा धरला आणि हातोडेवाल्याने एकच घाव घातला. पहिले नाणे अधिकाऱ्याच्या हातात द्यायची पद्धत होती. हातोडेवाल्याने ते पाण्यात बुडवले, पुसले आणि दिले.

काइसोने आधी मागची बाजू पाहिली, आपले नाव वाचले. मग नाणे उलटले.

भट्टीचा भाता चालवणाऱ्याने भाता थांबवला.

"हे डावीकडे बघतायत," काइसो म्हणाला.

"होय, धनी."

"मी मुद्रा लावली ती उजवीकडे बघणाऱ्याला."

"लोखंडात उजवीकडे, तर चांदीत डावीकडे. अक्षरांसारखंच."

काइसोचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी सगळेच बघत होते. "तुला हे माहीत होतं."

"होतं."

"आणि तू बोलला नाहीस."

"दोनदा बोललो होतो. तिसऱ्यांदा बोललो नाही." मेनोने ऐरणीतल्या ठशाकडे बोट केले. "ठसा फोडायचा तर फोडा. मला भट्टीवर धाडा. पण त्याआधी हे नाणं तुर्पिओला दाखवा. हे कोण, एवढंच विचारा. त्यानं ओळखलं नाही तर माझ्या हातानं फोडतो मी ठसा."

काइसोने त्याच्याकडे असे पाहिले की जणू बाकच बोलला. मग तो स्वतः दाराकडे गेला. एवढा राग आलेला असताना तो का गेला, हे मेनोला पुढेही नीट उमगले नाही.

तुर्पिओ दारात आंबट पाणी पीत होता. काइसोने नाणे त्याच्यापुढे धरले. "कोण हे?"

तुर्पिओने मडके ठेवले, तीन बोटांच्या हातात नाणे घेतले आणि उन्हात धरले. मग उठून उभा राहिला. पाठ सरळ करायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"हे आमचे वेकिलियस," तो म्हणाला. "इबेरस नदीच्या उतारावर घोडा सोडून आमच्या रांगेत येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्या डाव्या हाताला. हाच गाल दिसत होता मला दिवसभर, रक्तानं भिजलेला. दुसऱ्या बाजूनं दाखवलं असतंत तर मी ओळखलंही नसतं." त्याने नाणे आणखी जवळ घेतले. "हसायच्या बेतात आहेत. बरोब्बर. आता शिवी देणार." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आले आणि त्याने मेनोकडे पाहिले. "अरे ग्रीका, त्या दिवशी ती पाटी यांचीच होती का? तो उजवा?"

काइसो मान खाली घालून उभा होता. त्या 'उजवा'चा अर्थ त्याला विचारावा लागला नाही. मेनोने त्या दुपारी येऊन जे सांगितले होते ते आता त्याला ऐकू आले असावे.

त्याने तुर्पिओच्या हातातून नाणे घेतले आणि आत येऊन हातोडेवाल्याला म्हणाला, "पाडा. थांबलात कशाला?"

मेनोशी तो बोलला नाही. फेब्रुवारीतही नाही आणि त्यानंतरही नाही. त्याच्या नाण्याच्या मागच्या बाजूचे काम दुसऱ्याला दिले गेले. मेनो बाकीच्या दोन अधिकाऱ्यांच्या नाण्यांसाठी देवी कोरू लागला. डावीकडच्या खिडकीपाशी बाक परत ओढून नेला.

"काही म्हणाला का?" ख्रेस्टे दर खेपेला विचारायची.

"नाही."

"मग डिसेंबरात तूच विचार. नाही म्हणाला तर पुढच्या डिसेंबरात विचार. डावीकडे कोरताना एवढा हट्ट होता, तो आता कुठं गेला?"

"विचारणार आहे," मेनो म्हणाला. आणि डिसेंबरात तो विचारायला निघणारच होता, त्याच्या आदल्या सकाळी वेकिलियसांचा नोकर येऊन म्हणाला, धनी चौकात न्यायाधिकाऱ्यापुढे बोलावतायत, आंघोळ करून ये.

चौकात थंडी होती. न्यायाधिकाऱ्याच्या माणसाने मेनोच्या डोक्याला काठी टेकवून हा माणूस मोकळा आहे असे म्हटले. काइसो समोर उभा होता. रिवाजाप्रमाणे धन्याने सोडताना एक चापट मारायची आणि गुलामाला गोल फिरवून हात काढून घ्यायचा. लोक ती चापट हळूच, नावापुरती मारतात.

काइसोने हळू मारली नाही. चौकातली कबुतरे उडाली.

"ही मुद्रेबद्दल," तो मेनोला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला. मग त्याने खांद्याला धरून त्याला गोल फिरवले आणि हात सोडून दिला. फिरताना मेनोला एक क्षण काइसोचे तोंड दिसले. ओठाचा डावा कोपरा थोडा वर वळला होता, आजोबांसारखा, फक्त वण नव्हता.

टेकडीच्या उतारावर ख्रेस्टे हरभरे ढवळत होती. तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिने पळी खाली ठेवली, त्याची हनुवटी धरली आणि लाल झालेल्या गालावर उठलेली चार बोटे पाहिली.

"कुठला गाल आहे हा?" तिने विचारले.

"डावा," तो म्हणाला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि बाकावर त्याला जागा करून दिली.